दोन क्लाउड, एक सर्व्हर रूम आणि तिन्हीकडे पत्ता १०.०: सेवा जोडायच्या कशा?

अंबडचा_आयटीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारलं की "आधी डायग्राम द्या" असे प्रतिसाद येतात, म्हणून एकदाच सगळं ओततो.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. आयटी म्हणजे मी आणि एक ज्युनियर. लेबल प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला हाक, क्लाउडचं बिल फुगलं तरी मलाच हाक.

ईआरपी (स्टॉक, खरेदी, हिशेब सांभाळणारी सिस्टीम) कारखान्यातल्याच सर्व्हर रूममध्ये आहे, पोस्टग्रेस डेटाबेसवर. शेजारच्या डब्यावर मशीनचा डेटा गोळा करणारी एक छोटी सर्व्हिस चालते. पुरवठादारांचं पोर्टल अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) आहे, कारण ज्या पोरानं ते बनवलं त्याला तेवढंच येत होतं. क्वालिटीच्या रिपोर्टची सिस्टीम मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, अ‍ॅझ्युअरच्या पुणे रीजनमध्ये आहे, कारण हेड ऑफिसचं सगळं तिकडे आहे. म्हणजे "मल्टी-क्लाउड स्ट्रॅटेजी" वगैरे काही नाही. जसं घर वाढत गेलं तशा खोल्या काढल्या.

काम फक्त तीन ठिकाणी आहे. पोर्टलला ईआरपीतला स्टॉक आणि शेड्यूल वाचायचं असतं. अ‍ॅझ्युअरवाल्या सिस्टीमला मशीनचा डेटा लागतो. आणि माल आत घेऊन जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला की ईआरपीनं पोर्टलला कळवायचं. कागदावर काढलं तर तीन बाण.

या तीन बाणांसाठी कारखान्यापासून दोन्ही क्लाउडपर्यंत साइट-टू-साइट व्हीपीएन (दोन नेटवर्क जोडणारा कुलूपबंद बोगदा, म्हणजे टनेल) आहे, आणि तिथेच माझी झोप उडते. कारखान्याचं नेटवर्क १०.०.०.०/१६. अ‍ॅझ्युअरवर पोर्टलनं सुचवलेला पत्ता कुणीतरी तसाच ठेवला, तोही १०.०.०.०/१६. एडब्ल्यूएसवर त्या पोरानं कुठल्याशा ट्यूटोरियलमधून उचलला, तोही तोच. मग पत्ते भिडू नयेत म्हणून नॅटवर नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. आता कुठला पत्ता खरा आणि कुठला सोंगातला हे एका एक्सेल शीटमध्ये आहे आणि ते शीट माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही.

दुसरं: पोर्टलवर लॉगिन होतं, एका पार्टचा स्टॉक दिसतो, पण महिन्याचं शेड्यूल मागितलं की चक्र फिरतच राहतं. कधी येतं, बहुतेकदा नाही.

तिसरं: आमची २० एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे, तिला स्टॅटिक आयपी. बॅकअपला साधं ब्रॉडबँड, त्याला स्वतःचा पब्लिक आयपीच नाही. रस्ता खोदताना लीज्ड लाइन तुटली की इंटरनेट ब्रॉडबँडवर जातं आणि व्हीपीएन मरतो. मग मालकांचा फोन. "अरे, माझं व्हॉट्सअ‍ॅप तर चालू आहे, मग पोर्टल का बंद?" याचं उत्तर मी चार वेळा चार प्रकारे दिलं, त्यांना एकही पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही.

आणि ताजी डोकेदुखी म्हणजे ऑडिट. ऑडिटरनं पोस्टग्रेसचा लॉग उघडला. सगळी कनेक्शन्स एकाच पत्त्यावरून, नॅटवाल्या. "हा कोण?" म्हणे. मी म्हटलं पोर्टल. "कशावरून?" गप्प बसलो. पुढचा प्रश्न त्याहून वाईट: एडब्ल्यूएसमधला कुठलाही डबा तुमच्या शॉपफ्लोअरच्या पीएलसीपर्यंत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) पोचू शकतो, हे मुद्दाम ठेवलंय का?

आता साहेब म्हणतात दोन क्लाउडच्या मध्ये अजून एक व्हीपीएन टाक. आमचा फायरवॉलचा व्हेंडर म्हणतो एसडी-वॅनचा (अनेक लाइनी एकत्र सांभाळणारा) बॉक्स घ्या. पोर्टलवाला पोरगा म्हणतो सर्व्हिस मेश, म्हणजे सेवांमधलं बोलणं सांभाळणारा सॉफ्टवेअरचा थर. नव्या बॉक्सला बजेट शून्य. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

बिनतारी_बाबा

भाऊ, चक्र फिरते ते एमटीयू आहे, म्हणजे एका पाकिटाच्या आकाराची मर्यादा. बाकी नंतर, हे आजच करून टाक.

साधं पाकीट १५०० बाइटचं. तुझ्या व्हीपीएनचा आयपीसेक त्यावर आपलं वेष्टण चढवतो, मग ते १५०० मध्ये मावत नाही. वाटेतला राउटर सांगतो "तुकडे कर", पण तो निरोप आयसीएमपीनं (नेटवर्कच्या निरोपांचा प्रोटोकॉल) येतो आणि कुठल्यातरी शहाण्यानं फायरवॉलवर आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असते. पाठवणारा वाट पाहत बसतो. लॉगिनचं पाकीट लहान म्हणून जाते, शेड्यूलचं मोठं म्हणून अडकते.

तपासायचं असेल तर तुकडे न करण्याचा झेंडा लावून पिंग कर. १४७२ चा पेलोड लाव, हेडरचे २८ मिळून १५०० होतात. नाही गेलं तर खाली उतरत जा. उपाय एका ओळीचा: टनेलच्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (पाकिटातल्या मालाची कमाल) १३५० ला बांध. अ‍ॅझ्युअरवालेही हाच आकडा सांगतात, एडब्ल्यूएसलाही पुरतो.

बाकी मला विचारशील तर आयपीसेक फेकून वायरगार्ड हा दुसरा व्हीपीएन लाव. २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, ५.६ पासून. ब्रॉडबँडच्या मागे बसला तरी आतून बाहेर डायल करते, कारखान्याला स्टॅटिक आयपी लागत नाही. मेश-बिश काही नको.

पत्ते बदलशील तर १७२.१७ घेऊ नको, तिथं डॉकर (कंटेनर चालवणारा) आधीच पथारी टाकून बसलेला असतो.

पाचशे_तीन

बाबांचं एमएसएसबद्दलचं म्हणणं शंभर टक्के. ते आधी करा आणि मग पुढचं वाचा, कारण चक्र थांबलं की अर्ध्या लोकांचा उत्साहही थांबतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मी ठाण्यात असते, अठरा वर्षं याच धंद्यात आहे. पहिली दहा एका वित्तसंस्थेत फक्त टनेल बांधण्यात गेली, म्हणून थोडं ठामपणे बोलते: तुम्हाला नेटवर्क जोडायचीच नाहीत. तुम्हीच लिहिलंय की कागदावर तीन बाण आहेत. व्हीपीएननं तुम्ही तीन बाण काढलेच नाहीत, तीन घरांच्या मधल्या भिंती पाडल्यात. पाहुणा ओसरीवर बसून काम उरकणारा असेल तर त्याला माजघराची वाट कशाला दाखवायची? ऑडिटरचा पीएलसीवाला प्रश्न हाच आहे. वायरगार्ड चांगलाच आहे, मी घरी तोच वापरते. पण तोही नेटवर्कच जोडतो. कुठले पत्ते पलीकडे दिसावेत ते त्यात बांधता येतं, पण पत्तेच तिन्हीकडे सारखे असतील तर तुमचं ते एक्सेल शीट काही जात नाही.

एकेक बाण घेऊ.

तिसरा सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी. जीआरएन झाला की ईआरपीनं पोर्टलला कळवायचं, याला टनेल लागतच नाही. कारखान्यातून बाहेर जाणारं साधं एचटीटीपीएस पुरे. एडब्ल्यूएसच्या एसक्यूएस या निरोपांच्या रांगेत निरोप टाका, पोर्टल तिथून उचलेल. ईआरपीत एक आउटबॉक्स टेबल ठेवा: जीआरएनची नोंद ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये होते त्यातच निरोपाचीही ओळ पडली पाहिजे. लाइन तुटली तर ओळी साठतील, जोडली की जातील. एकच निरोप दोनदा पोचू शकतो, तेव्हा पोर्टलनं जीआरएन नंबर बघून दुसरा सोडून द्यायला शिकायचं.

इथे एक नेहमीची चूक होते. एडब्ल्यूएसची अ‍ॅक्सेस की बनवतात, ईआरपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवतात आणि ती तिथे पाच वर्षं राहते, बॅकअपमध्ये जाते, जुन्या लॅपटॉपवर जाते. ते करू नका. २०२२ पासून आयएएम रोल्स एनीव्हेअर आहे. कारखान्यातला सर्व्हर आपलं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) दाखवतो आणि त्याला तात्पुरत्या किल्ल्या मिळतात, मुदत साधारण तासाभराची. त्यासाठी स्वतःचं छोटं सर्टिफिकेट देणारं ठाणं लागेल. ते पुढेही लागणारच आहे.

आता पहिला बाण, पोर्टल ते ईआरपी. इथे मी स्कपर लावेन, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या सेवा नावानं जोडणारं सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत, सोर्स उघडा आहे. प्रत्येक ठिकाणी एक छोटा राउटर बसतो. एडब्ल्यूएसवरचा राउटर बाहेरून पोचण्याजोगा ठेवायचा. कारखान्यातला त्याला आतून बाहेर फोन लावतो, राउटरच्या आपसातल्या जोडणीचा पोर्ट ५५६७१, आणि दोघंही एकमेकांचं सर्टिफिकेट तपासतात. कारखान्याच्या फायरवॉलवर आत येणारं एकही भोक नको. लीज्ड लाइन तुटून ब्रॉडबँड आलं तर तो पुन्हा फोन लावतो आणि बस. समोरच्याला तुमचा आयपी कुठला याच्याशी देणंघेणं नाही, तो सर्टिफिकेट बघतो. मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर हेच आहे: व्हॉट्सअ‍ॅपही आतून बाहेर फोन लावतं, तुमचा व्हीपीएन मात्र ठरावीक आयपीवरूनच ओळख देतो.

त्या जोडणीवरून तुम्ही फक्त नावं देता. कारखान्याकडे कनेक्टर (खऱ्या सेवेकडे नेणारा), एडब्ल्यूएसकडे लिसनर (हाक ऐकणारा), दोघांना एकच राउटिंग की. एडब्ल्यूएसमध्ये "स्टॉक-एपीआय" नावाची, ईआरपीतला स्टॉक वाचून देणारी सर्व्हिस दिसू लागते, जणू तिथलीच आहे. पत्ते आपापल्या घरात राहतात. तिन्हीकडे १०.०.०.० असलं तरी कुणाला पत्ता विचारला जातच नाही. कारखान्यात कुबरनेटिस नसेल तरी पॉडमनवर (कंटेनर चालवणारं साधन) चालतं. फक्त एक लक्षात ठेवा: पॉडमनवाल्या साइटसाठी मी लिंकची फाइल बनवते, तिच्यात खुद्द सर्टिफिकेट आणि किल्ली असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर ज्युनियरला पाठवू नका. पाठवलीत तर ती फुटली असं समजा आणि नवी काढा.

आता तुमच्यासमोर स्कपरची बाजूही लावून धरते आणि त्याची उणीवही सांगते. त्याची सुरक्षा एका राउटरपासून दुसऱ्या राउटरपर्यंत. कारखान्यात राउटर ते एपीआय आणि एडब्ल्यूएसमध्ये पॉड (कुबरनेटिसवर चालणारा प्रोग्रॅम) ते राउटर हे दोन तुकडे तुमचे तुम्ही सांभाळायचे. त्या नेमस्पेसमधला (कुबरनेटिसच्या त्या कप्प्यातला) कुठलाही पॉड "स्टॉक-एपीआय"ला हाक मारू शकतो. म्हणजे ऑडिटरच्या "हा कोण?"चं उत्तर अजून मिळालेलं नाही.

ते मिळतं वरच्या थरातून. एपीआयच्या पुढे एनजिंक्स (वेब सर्व्हर) ठेवा, त्यानं क्लायंटचं सर्टिफिकेट मागायचं, आणि त्या सर्टिफिकेटवरचं नाव लॉगमध्ये लिहायचं. पोर्टलला त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट. स्कपर टीसीपी जसाच्या तसा पुढे ढकलतो, त्यामुळे हे टीएलएस (कुलूपबंद बोलणं) वाटेत कुठेही उघडत नाही. मग लॉगमध्ये पत्त्याऐवजी नाव दिसेल. ऑडिटरला नाव दाखवा, चहा पाजा.

आणि पोस्टग्रेस थेट उघडू नका. दोन-तीन गोष्टी वाचणारा छोटा एपीआय लिहा. यात सुरक्षेइतकंच वेगाचंही कारण आहे. नाशिक-मुंबई एक फेरी १० मिलिसेकंद धरा. पोर्टलनं ८०० ओळींचं शेड्यूल ओळीमागे एक क्वेरी करून आणलं तर आठ सेकंद नुसते येण्याजाण्यात गेले. तेच काम एपीआयनं कारखान्यात बसून केलं तर पलीकडे एकच फेरी. अशा प्रकरणात लोक "लाइन वाढवा" म्हणतात. लाइन वाढवून फेरीचा वेळ कमी होत नाही.

दुसरा बाण, मशीनचा डेटा अ‍ॅझ्युअरला. तिथला राउटरही एडब्ल्यूएसच्या राउटरला फोन लावू शकतो, मग कारखान्याचा डेटा मुंबईमार्गे पुण्याला जाईल. विचित्र वाटतं, पण चालतं. एडब्ल्यूएसमधून बाहेर पडणाऱ्या डेटाचं बिल लागतं, महिन्याला पहिले १०० जीबी फुकट. तुमचा मशीन डेटा त्यात मावत असेल तर डोकं शिणवू नका, नाहीतर अ‍ॅझ्युअरचा राउटरही उघडा ठेवून कारखान्यातून थेट दुसरी लिंक द्या.

सर्व्हिस मेशबद्दल: इस्टिओ हा मेश वाईट नाही. पण दोन क्लाउड आणि एक बिनकुबरनेटिसची सर्व्हर रूम मिळून तो चालवायचा, तेही दोन माणसांनी, म्हणजे दोघांनी मिळून लग्नाचा हॉल चालवण्यासारखं आहे. वाढपी पण तुम्हीच आणि आचारी पण तुम्हीच. चाळीस सेवा झाल्या की या, तेव्हा बोलू. बॉक्सचा विषय व्हेंडरच्या गाडीतच राहू द्या.

अंबडचा_आयटीवाला

ताई, बाबा, दोघांचेही आभार. एमएसएस १३५० केला. चक्र थांबलं. पोर्टलवाल्या पोराला वाटतंय त्यानंच काहीतरी सुधारलं, मी वाटू दिलंय.

दोन शंका. ईआरपीच्या जुन्या पोस्टग्रेस कनेक्शनमध्ये एसएसएल-मोड (कनेक्शन कुलूपबंद ठेवायचं सेटिंग) "रिक्वायर" आहे, ते चालेल ना? आणि हे सर्टिफिकेट देणारं ठाणं म्हणजे नक्की काय टाकू? सर्टिफिकेट काढायच्या ओपनएसएसएलच्या कमांड एका वहीत लिहून ठेवल्यात, त्यावरच भागेल का?

पाचशे_तीन

"रिक्वायर" म्हणजे पाकीट बंद आहे, पण समोर कोण आहे ते विचारलेलं नाही. मधे कुणी पोस्टग्रेसचं सोंग घेऊन बसला तरी तुमचा क्लायंट खुशाल पासवर्ड देईल. काहीच लिहिलं नाही तर मूळ सेटिंग "प्रेफर" असतं, ते तर समोरच्यानं नाही म्हटलं की उघड्यावरच बोलतं. "व्हेरिफाय-फुल" लावा, त्यात सर्टिफिकेट आणि नाव दोन्ही तपासलं जातं. सर्व्हरच्या बाजूला एचबीए फाइलमध्ये (कुणाला आत घ्यायचं ती यादी) "होस्ट"च्या जागी "होस्टएसएसएल" करा.

वहीवर भागवू नका. वही हरवत नाही, तारीख विसरते. स्टेप-सीए हे सर्टिफिकेट देणारं सॉफ्टवेअर टाका, त्याची सर्टिफिकेटं मुळात २४ तासांचीच असतात, म्हणून नूतनीकरण आपोआप करावंच लागतं. रोज होणारी गोष्ट विसरली जात नाही. स्पिफी-स्पायर हे याचंच मोठं भावंड, तिथे तासाभराची ओळखपत्रं मिळतात. तुम्हाला आत्ता नको.

घड्याळजी

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदावर माझा अंगठा. थोडी स्वतःची फजिती सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर पडो.

तेव्हा मी भोसरीत होतो. गुरुवारी लाइट जाणार हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सर्व्हर व्यवस्थित बंद केले, संध्याकाळी चालू केले. सगळे उठले, फक्त क्लाउडशी बोलणारी सर्व्हिस उठेना. लॉगमध्ये लिहिलेलं: सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही. संपलेलं नाही, "अजून झालेलं नाही"! मी दीड तास सर्टिफिकेटं नव्यानं काढत बसलो, तीही चालेनात. शेवटी एका शिकाऊ पोरानं विचारलं, "सर, याची तारीख बरोबर आहे का?" मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. लाइट गेल्यावर मशीन काही वर्षं मागे जाऊन उठलं होतं, आणि टाइम सर्व्हरशी बोलायचा पोर्ट फायरवॉलवर मीच, कडक सुरक्षेच्या नावाखाली, बंद केला होता.

तेव्हा सर्टिफिकेटच्या वाटेला जाणाऱ्यांनी आधी घड्याळं मिळवून घ्या. तसंही आता ते हौसेवर राहिलेलं नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी मिळवलेल्या सर्व्हरशी, घड्याळ जुळवायला सांगितलं आहे. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं हेही आहे. तीन ठिकाणचे लॉग तीन वेगवेगळ्या वेळा सांगत असतील तर सहा तास "आधी काय घडलं" हे जुळवण्यातच जातील. एक क्लाउड यूटीसीत (जागतिक वेळेत) लिहितो, ईआरपी आपल्या वेळेत, साडेपाच तासांचा फरक रात्री दोन वाजता डोक्यात वजा करून बघा.

दुसरी फजिती थोडक्यात. एका मेशमध्ये खालची सर्टिफिकेटं रोज आपोआप बदलत होती, आम्ही निर्धास्त. सगळ्यांच्या मुळाशी असलेलं रूट सर्टिफिकेट मात्र इन्स्टॉल करताना बनलं होतं, एका वर्षाचं. वाढदिवसाच्या दिवशी सगळ्या सेवा एकमेकांना ओळखेनाशा झाल्या, एकाच मिनिटाला. रूट कधी संपतंय ते आजच बघा आणि ती तारीख मॉनिटरिंगमध्ये घाला. कॅलेंडरमध्ये नको, कॅलेंडरवाला माणूस नोकरी सोडतो.

बिनतारी_बाबा

घड्याळजी, टाइम सर्व्हरचा पोर्ट बंद करणारा तो "शहाणा" तुम्हीच निघाले तर! आयसीएमपीवाला भेटला की सांगा, त्याचाही सत्कार करू.

ताई, ठीक आहे. तीन बाणांसाठी तुमचं पटलं. पण मला त्या डब्यांवर एसएसएच (दुरून लॉगिन) करायचं असते तेव्हा वायरगार्डच लागते, ते मी सोडणार नाही.

पाचशे_तीन

सोडू नका. माणसांसाठी एक दार आणि सेवांसाठी वेगळं, हे मला मान्यच आहे. फक्त सेवांची वाहतूक त्या माणसांच्या दारातून नको.

अंबडचा_आयटीवाला

तीन आठवड्यांनी हिशेब द्यायला आलोय.

तिसरा बाण आधी केला, ताईंनी सांगितलं तसं. आउटबॉक्स टेबल आणि रांग, दोन दिवसांचं काम. आयएएम रोल्स एनीव्हेअरला एक दिवस गेला, त्यातला अर्धा आमच्या सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं म्हणून. घड्याळजी, तुमची आठवण काढली.

मग स्टॉकचा एपीआय आणि स्कपर. राउटर पहिल्याच दिवशी जोडले गेले, मी उगीच घाबरलो होतो. अडलो वेगळ्याच ठिकाणी. एपीआयचं सर्टिफिकेट मी कारखान्यातल्या नावानं काढलं होतं. एडब्ल्यूएसमध्ये पोर्टल त्याला "स्टॉक-एपीआय" म्हणून हाक मारतं. नाव जुळेना, कनेक्शन नाकारलं. मी जेवायला गेलो होतो तेवढ्यात ज्युनियरनं इंटरनेटवर वाचून पोर्टलमधली तपासणीच बंद केली आणि आनंदानं सांगितलं, "सर, चालू झालं!" त्याला ओरडलो नाही. दोन्ही नावं टाकून सर्टिफिकेट नव्यानं काढलं, तपासणी त्याच्याच हातानं पुन्हा चालू करायला लावली. पण सांगून ठेवतो, "चालू झालं" म्हणणाऱ्यानं काय बंद केलं ते नेहमी विचारा.

पुढची गंमत रोज सकाळी पहिल्या शिफ्टला. पहिली क्वेरी मरायची, दुसरी चालायची. चार सकाळी गेल्या. एपीआय डेटाबेसची कनेक्शन्स पूलमध्ये उघडी ठेवतो, आणि पोस्टग्रेस वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), मधे आमची फायरवॉल. रात्रभर कुणी बोललं नाही की फायरवॉल ती कनेक्शन्स गुपचूप विसरते आणि दोन्ही टोकांना सांगत नाही. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंद गप्प राहून मग "आहेस का?" विचारतो, फायरवॉल ३० मिनिटांत विसरते. ही विचारपूस, म्हणजे कीपअलाइव्ह, ६० सेकंदांवर आणली, थांबलं. शोधताना कळलं की क्लाउडवरही हेच असतं: अ‍ॅझ्युअरचा लोड बॅलन्सर मूळ सेटिंगला चार मिनिटांत विसरतो, एडब्ल्यूएसचं नॅट गेटवे ३५० सेकंदांत. म्हणून ६० सगळीकडे लावून टाकला.

एडब्ल्यूएसचा व्हीपीएन गेल्या शुक्रवारी बंद केला. एक्सेल शीटमधल्या निम्म्या ओळी उडवल्या, उरलेल्या अ‍ॅझ्युअरच्या. तो बाण अजून जुन्याच टनेलवर आहे, हेड ऑफिसची परवानगी मिळायची आहे. त्यांच्याकडे राउटर शब्द उच्चारला की आधी फॉर्म येतो. ऑडिटरला एनजिंक्सचा लॉग पाठवला, प्रत्येक ओळीत सर्टिफिकेटचं नाव. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, "नोटेड". आमच्या ऑडिटरकडून हे म्हणजे हार-तुरे. रूटची तारीखही मॉनिटरिंगमध्ये घातली, दहा वर्षांनंतरची आहे, पण घातली.

आणि काल दुपारी रस्त्याच्या कामात लीज्ड लाइन तुटली. मी स्क्रीनसमोर बसून बघत होतो. स्कपरची लिंक लाल झाली, ब्रॉडबँड आलं, लिंक हिरवी. अर्ध्या मिनिटाच्या आत. आउटबॉक्समध्ये सात ओळी साठल्या आणि गेल्या. मशीनचा डेटा तेवढा अडकला, तो अ‍ॅझ्युअरचा टनेल.

मालकांचा फोन येईल म्हणून मोबाइल टेबलावर काढून ठेवला होता. तास झाला, आला नाही. मग मीच लावला आणि सांगितलं की लाइन तुटलीय, पण पोर्टल चालू आहे.

"मग फोन कशाला केलास?" म्हणाले.